आवाज थांबले, पण भाऊ अजून अंथरुणातच आहे

भांडुपच्या एका ताईंचा प्रश्न आहे. भाऊ २७ वर्षांचा, बी.कॉम. झालेला, कुरिअरच्या ऑफिसात कामाला होता. दोन वर्षांपूर्वी त्याला वाटायला लागलं की शेजारचे भिंतीपलीकडून आपल्याबद्दल बोलतात, मोबाइलमधून आपल्यावर नजर ठेवतात. आवाज ऐकू यायचे. रुग्णालयात दाखल केलं, स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. सध्या आजारावरचं रिस्पेरिडोन ६ मिलिग्रॅम आणि त्याच्या त्रासावर दिवसातून दोनदा ट्रायहेक्झिफेनिडिल चालू आहे. दोन-तीन महिन्यांत आवाज थांबले. पण आता दीड वर्ष होत आलं तरी तो अकराशिवाय उठत नाही, आंघोळ टाळतो, विचारलं तेवढंच बोलतो. वडील म्हणतात आळशी झालाय. आई एका वैद्यांकडून आणलेलं चूर्ण देते. मामा म्हणतात, गोळ्यांनीच तो असा झाला, त्या बंद करा आणि चांगलं समुपदेशन सुरू करा. ताई विचारतात, गोळ्या की समुपदेशन?

मी मुंबईत २१ वर्षं मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. त्यातली निम्मी वर्षं सरकारी ओपीडीत गेली. भावाला बघितल्याशिवाय त्याची गोळी वाढवा किंवा कमी करा असं मी सांगू शकत नाही आणि कुणी सांगितलं तर ऐकूही नका. पण विचार कसा करायचा ते नक्की सांगू शकते.

ताई, तुमच्या प्रश्नामागे दुसरा एक प्रश्न मला दिसतो. आवाज गेले, संशय गेला, मग आमचा पूर्वीचा भाऊ परत का आला नाही? याचं उत्तर शोधल्याशिवाय गोळ्या की समुपदेशन हे ठरवता येत नाही, कारण नुसतं पडून राहण्यामागे निदान पाच वेगवेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकावरचा इलाज वेगळा आहे.

आधी गोळ्या काय करतात ते बघू. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात देले आणि देनिकर यांनी क्लोरप्रोमॅझिन हे औषध मनोरुग्णांना दिलं, तिथून हा प्रवास सुरू झाला. आज आपल्याकडे लिहून दिली जाणारी या आजाराची जवळजवळ सगळी औषधं मुख्यतः एकाच जागी काम करतात. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या डी-२ ग्राहींवर (रिसेप्टरवर) बसून ती डोपामिनचा जोर कमी करतात. ‘इकडे बघ, हे महत्त्वाचं आहे’ हा इशारा देणं हे डोपामिनचं एक काम. आजार भडकला की हा इशारा वाटेल तिथे वाजायला लागतो. शेजारी कुकरची शिट्टी झाली, गॅलरीत कुणी खोकलं, गाडीत समोरच्याने मोबाइल वर धरला, की ते सगळं आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटतं. शितिज कपूर या मानसोपचारतज्ज्ञांनी २००३ मध्ये हे फार नेमकं मांडलं. औषध तो खोटा इशारा मंद करतं, पण त्या काळात माणसाने मनाशी जी कहाणी जुळवलेली असते ती औषधाने पुसली जात नाही. माझे पेशंट हे स्वतःच्या शब्दांत सांगतात: ‘मॅडम, ते बोलतही असतील, पण आता मला त्याचं काही वाटत नाही.’ हे ऐकलं की मला कळतं, औषधाने त्याचं काम केलंय, आता बोलून करायच्या कामाला जागा झाली आहे.

मामांच्या सल्ल्याचं काय? २०१२ मध्ये ६५ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात बरं वाटल्यावर औषध चालू ठेवलेल्यांपैकी २७ टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला. ज्यांना औषधाऐवजी बिनऔषधाची गोळी दिली, त्यांच्यात हे प्रमाण ६४ टक्के होतं. आजार उलटणं म्हणजे नुसतं पुन्हा एकदा रुग्णालयात दाखल होणं नव्हे. प्रत्येक वेळी नोकरी, मित्र, चाळीतली पत यातलं काहीतरी जातं आणि काहींच्या बाबतीत पुढच्या वेळी पूर्वीइतकं लवकर बरं वाटत नाही. गोळ्या पूर्ण सोडून फक्त मानसोपचार देऊन बघितलेलेही अभ्यास आहेत. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये औषध घ्यायला तयार नसलेल्या ७४ जणांवर असा प्रयोग झाला आणि थोडा फायदा दिसला. ज्याला गोळ्यांनी आवाज थांबलेत त्याच्या गोळ्या त्या भरवशावर काढाव्यात, एवढा तो पुरावा मोठा नाही.

डोस कमी करणं हा मात्र वेगळा विषय आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. नेदरलँड्समधल्या १०३ रुग्णांच्या २०१३ च्या पाहणीत असं दिसलं की ज्यांचा डोस सुरुवातीला जपून कमी केला होता, ते सात वर्षांनी कामधंद्यात जास्त सावरलेले होते. मग २०२३ मध्ये ब्रिटनमधला मोठा अभ्यास आला. त्यात डोस कमी केलेल्यांचं रोजचं जगणं दोन वर्षांनी काही सुधारलेलं नव्हतं, उलट आजार जोरात उलटण्याचं प्रमाण २५ टक्के होतं. पूर्वीच्याच डोसवर राहिलेल्यांत ते १३ टक्के होतं. म्हणून माझी पद्धत अशी: डोस कमी करायचाच तर थोडा-थोडा, महिन्या-महिन्यांनी, घरातल्या एकाला धोक्याच्या खुणा लिहून देऊन. तुमच्या भावाची पहिली खूण बहुधा झोप असेल. दोन-तीन रात्री जागा राहिला, खिडकी लावून घ्यायला लागला, मोबाइल बंद करून ठेवायला लागला, की तारखेची वाट न बघता डॉक्टरकडे.

आता ती पाच कारणं.

पहिलं, औषधाचा ताठरपणा. हे मी सगळ्यात आधी बघते, कारण ते बरं करता येतं आणि घरच्यांच्या नजरेतून हमखास सुटतं. डी-२ ग्राहींपैकी साधारण ६५ टक्के व्यापले गेले की आवाज-संशय उतरायला लागतात. ८० टक्क्यांच्या पुढे गेलं की फायदा वाढत नाही, पार्किन्सनसारखी लक्षणं वाढतात. रिस्पेरिडोनचे ६ मिलिग्रॅम काहींना योग्य असतात, काहींना जास्त. भाऊ गॅलरीतून चालत जाताना मागून बघा. हात हलतात का, की अंगाला चिकटल्यासारखे राहतात? वळताना छोटी-छोटी पावलं टाकतो का? सकाळी उशीवर लाळ असते का? सही पूर्वीपेक्षा बारीक झालीय का? चेहऱ्यावर हसू उमटायला वेळ लागतो का? यातलं दोन-तीन जुळत असेल तर तो आळशी नाही, त्याचं अंग आखडलंय. डॉक्टर डोस कमी करून किंवा औषध बदलून बघू शकतात. ट्रायहेक्झिफेनिडिल ताठरपणा कमी करतं, पण त्याने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं आणि विसरायला होतं. दीड वर्षानंतरही ती गोळी दोनदा लागतेच का, हा डॉक्टरांना विचारायचा रास्त प्रश्न आहे. आणखी एक. रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढतं, लैंगिक अडचणी येतात. तो हे तुमच्यापुढे कधीच बोलणार नाही. त्याला डॉक्टरांशी दहा मिनिटं एकट्याने बोलू द्या.

इथेच आईच्या चूर्णाबद्दल सांगते, कारण त्याचा संबंध थेट याच्याशी आहे. त्या चूर्णात सर्पगंधा असू शकते. ही आपल्याकडची जुनी वनस्पती. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच उन्मादावर आणि रक्तदाबावर तिचा उपयोग लिहून ठेवला. आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचा तिचा गुण ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचं लक्ष वेधलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि काही वर्षं ते परदेशातल्या मनोरुग्णालयांतही वापरात होतं. तेव्हा आई जे देते ते थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. माझी भीती उलटी आहे: त्यात खरंच गुण असेल तर? रेसर्पिन मेंदूतला डोपामिनचा साठाच रिकामा करतं. त्याने रक्तदाब उतरतो, अंग जड होतं, मन उदास होऊ शकतं. त्यावर रिस्पेरिडोन. भाऊ पडून राहतो याचं अर्धं उत्तर त्या पुडीतही असू शकतं. आईला ओरडू नका. वैद्यांना त्यातली द्रव्यं लिहून द्यायला सांगा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा.

दुसरं कारण, उदासी. आवाज थांबल्यावर माणूस शुद्धीवर येतो आणि मागे बघतो. नोकरी गेली, बरोबरीच्यांची लग्नं झाली, चाळीत सगळ्यांना कळलं. या आजारात सुमारे ५ टक्के लोक आत्महत्येने जातात आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी सुरुवातीच्या काही वर्षांतच आयुष्य संपवलेलं असतं. म्हणून त्याला थेट विचारा, ‘जगावंसं वाटत नाही असं कधी मनात येतं का रे?’ विचारल्याने कल्पना डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रात्री-अपरात्री बोलायला १४४१६ ही सरकारी टेलि-मानस सेवा आहे, मराठीतही बोलता येतं. उदासीवर औषधही चालतं आणि बोलणंही.

तिसरं कारण, उरलेली भीती. घरच्यांना वाटतं संशय गेला. त्याने फक्त बोलणं थांबवलेलं असतं, कारण बोललं की घरचे वाद घालतात. तो अकरापर्यंत उठत नाही, कारण अकरापर्यंत नळावर आणि गॅलरीत बायका-माणसं असतात. असंच आहे असं मी म्हणत नाही, पण विचारून बघा.

समुपदेशनाचं खरं काम इथे आहे. याला बोधात्मक वर्तन उपचार म्हणतात. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत किमान १६ बैठका सांगितल्या आहेत. ‘पॉझिटिव्ह विचार कर’ असं सांगणं म्हणजे हा उपचार नव्हे. एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलुंडचा एक मुलगा लोकलमध्ये चढत नव्हता. डब्यातले सगळे आपल्याकडे बघून खुणा करतात, ही त्याची खात्री. मी ‘असं काही नसतं’ हे एकदाही म्हटलं नाही, ते त्याला दोन वर्षं घरचे सांगतच होते. आम्ही आधी ठरवलं की खुणा म्हणजे नेमकं काय ते लिहून काढायचं. मग दुपारी दोनच्या रिकाम्या गाडीने मुलुंड ते नाहूर, एकच स्टेशन, आमच्या सोशल वर्करबरोबर. त्याचं काम एवढंच: डब्यात किती माणसं आहेत, त्यातली किती मोबाइलमध्ये, किती झोपलेली, किती त्याच्याकडे बघतायत हे मोजायचं. पहिल्या फेरीत तो घामाने भिजला. चौथ्या फेरीनंतर म्हणाला, ‘१९ जण होते, दोघांनी बघितलं, त्यातला एक माझ्या मागच्या इंडिकेटरकडे बघत असावा.’ ते ‘असावा’ ऐकून मला जो आनंद झाला तो अजून आठवतो. भांडुपपर्यंत जायला त्याला चार महिने लागले. गोळ्यांशिवाय तो पहिल्या फेरीत चढलाच नसता आणि या फेऱ्यांशिवाय नुसत्या गोळ्यांवर तो आजही घरातच असता.

चौथं कारण, खुद्द आजार. स्किझोफ्रेनियाची काही लक्षणं वजाबाकीची असतात: उत्साह, बोलणं, चेहऱ्यावरचे भाव, एखाद्या गोष्टीची ओढ, सगळं आटतं. यावर औषधं तोकडी पडतात हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. २०१७ च्या एका अभ्यासात कॅरिप्राझिन हे औषध या लक्षणांवर रिस्पेरिडोनपेक्षा बरं ठरलं, पण फरक माफक होता. याच्या जोडीला लक्ष आणि स्मरणशक्ती ढिली होते. दूध, ब्रेड, कढीपत्ता आणायला पाठवलं तर फक्त दूध घेऊन येतो आणि वडील चिडतात. त्याला कागदावर लिहून द्या. दिवसाला एकच काम, ठरलेल्या वेळी, आणि करावंसं वाटण्याची वाट न बघता. ओढ आधी आणि काम मग, हा आपला नेहमीचा क्रम या आजारात उलटा चालतो, काम केल्यावर हळूहळू ओढ येते. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभागाबरोबर ऑक्युपेशनल थेरपीही आहे. केस पेपरवर तिकडची चिठ्ठी मागून घ्या, आपण मागितली नाही तर गर्दीत राहून जाते.

पाचवं सगळ्यात साधं: उठून करायचं काय? दीड वर्ष कुणी त्याच्याकडून काही अपेक्षाच ठेवली नसेल तर निरोगी माणूसही अंथरुणात पडून राहील.

बहुतेकांच्या बाबतीत यातली दोन-तीन कारणं एकत्र असतात. म्हणून मी क्रम असा लावते: आधी औषधाचा त्रास आणि उदासी, कारण ते तातडीचं आणि सुधारण्यासारखं. मग भीती, मग कामाची घडी.

आता घराबद्दल, आणि हे वडिलांना वाचून दाखवा. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दाखवलं की ज्या घरात सतत टीका, राग किंवा अति काळजी होती, तिथे परतलेल्या ५८ टक्के रुग्णांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. शांत घरांत हे प्रमाण १६ टक्के होतं. त्या धर्तीवरच्या अभ्यासांत आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त समोरासमोर असणं ही धोक्याची रेघ मानली गेली. मुंबईत दहा बाय पंधराच्या खोलीत हे ३५ तास तीन दिवसांत भरतात. दार लावून बसायला दुसरी खोलीच नाही. पण ऐंशीच्या दशकात हीच मोजणी चंदिगडच्या कुटुंबांत केली तेव्हा टीका आणि राग लंडनपेक्षा बराच कमी निघाला आणि रुग्णही अधिक सावरलेले होते. म्हणजे माणसं एकत्र राहिल्याने बिघडत नाही, सूर चढल्याने बिघडतं. आजार कुटुंबामुळे होतो असा याचा अर्थ कुणी काढू नये. मी तसं मानत नाही आणि तुमच्या आईवडिलांनीही स्वतःला दोष देऊ नये.

करायचं काय तर अगदी छोट्या गोष्टी. ‘किती वेळ लोळतोयस’ ऐवजी ‘साडेनऊला चहा ठेवते, खाली बसून बरोबर घेऊ.’ आंघोळीवरून रोज वाद घालण्यापेक्षा आठवड्यातले तीन दिवस ठरवून घ्या. वडील आणि तो यांनी दिवसातले दोन तास एकमेकांपासून लांब असावं, वडिलांनी संध्याकाळी कट्ट्यावर जावं. आईचं भजनी मंडळ सुटलं असेल तर ते पुन्हा सुरू करा. आपल्याकडच्या स्वमदत गटांत पेशंटला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) आणि पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन या संस्थांनी या वाटेवर पुष्कळ काम केलंय. वडिलांचं मन माझ्या आकड्यांपेक्षा दुसऱ्या एखाद्या वडिलांशी बोलून लवकर वळेल.

क्लोझापिन आणि शॉक यांबद्दलही लोक विचारतात. क्लोझापिन हे दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसने, प्रत्येकी निदान सहा आठवडे देऊनही आवाज न थांबलेल्यांसाठी. ते तिथे इतर औषधांपेक्षा सरस आहे, पण पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असल्याने पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. तुमच्या भावाचे आवाज थांबलेत, त्याला आज त्याची गरज दिसत नाही. शॉक उपचार मी माणूस खाणंपिणं सोडून दगडासारखा झाला किंवा जिवाला धोका असला की सुचवते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तो भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय देता येत नाही.

पुढच्या तारखेला जाताना एका कागदावर पाच ओळी लिहून न्या: किती वाजता उठतो, चालताना हात हलतात का, उशीवर लाळ, झोप किती, आणि ‘जगावंसं वाटतं का’ याला त्याने दिलेलं उत्तर. ओपीडीत डॉक्टरांना तुमच्यासाठी पाच-सात मिनिटंच असतात, कागद असला की ती पुरतात. वजन, कंबर, साखर आणि रक्तदाब शेवटचं कधी तपासलं ते विचारा. भाऊ आत एकटा बसेल तेव्हा तुम्ही बाहेर थांबा. आणि चूर्णाची पुडी पर्समध्ये टाकायला विसरू नका.